ढिगाखालचं ते आमचं

संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळी फळीपाशी बायकांची रांग लागायची. पदर झटकायचा. ओचा सोडून दाखवायचा. दोन्ही हात वर करून एकदा वळायचं. दुकानाचे दिवाणजी खुर्चीवरून उठायचे नाहीत. नुसती मान हलवायचे. मान हलली की बाई सुटली.

मार्केट यार्डात, भुसार बाजारात, एका मिरचीवाल्या शेठच्या गाळ्यावर माझी आई देठ खुडायला होती. पुढ्यात सुक्या मिरचीचा ढीग. एक मिरची उचलायची, देठ मोडायचा, मिरची पाटीत टाकायची, देठ बाजूला. दिवसभर तेच. तोंडाला फडकं बांधून, खोकत. आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. जमीन नव्हतीच, त्यामुळं ती जायचाही प्रश्न नव्हता. वडील यार्डातच हमाल होते. पोत्याखाली पाठ गेली, आणि सव्वा वर्षात तेही गेले. राहिलो आई आणि मी, गुलटेकडीच्या उताराला पत्र्याच्या एका खोलीत.

आई घरी आली की मला जवळ घ्यायची नाही. हात कितीही धुतले तरी मिरची जायची नाही. मी रडले तर माझे डोळे ती कोपरानं पुसायची. तळहात लावायची नाही. मला बरीच वर्षं वाटायचं, सगळ्यांच्या आया डोळे कोपरानंच पुसतात.

तिसरीत होते. शाळेला सुट्टी म्हणून आईबरोबर गाळ्यावर गेले होते. संध्याकाळी आईनं पदर झटकला, ओचा झटकला, दिवाणजींची मान हलली. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आणि ही?"

"पोरगी हाय माझी."

"पोरगी आहे ते दिसतंय. फ्रॉक झटकायला सांगा."

मी फ्रॉक झटकला. खिशातून एक मिरची पडली. लाल, लांब, अख्खी. तिला बाहुली करायची म्हणून मी दुपारी ठेवली होती.

"वा," दिवाणजी म्हणाले. "शाळेत आता हे शिकवतात वाटतं."

बायका हसल्या नाहीत. हमाल हसले. आईनं माझ्या थोबाडीत मारली. तळहातानं. तिचा तळहात मला पहिल्यांदा लागला तो असा. गाल रात्री जेवेपर्यंत जळत होता.

वाटेत आई म्हणाली, "नीट ऐक. ढिगातलं ते शेठचं. ढीग उचलल्यावर खाली ऱ्हाईल ते आपलं. ढिगातली एक उचलली तर तू चोर. खालचं पोतं भरून नेलं तरी चोर न्हाई. ध्यानात ठेव."

ध्यानात ठेवलं. त्यानंतर जे झालं ते त्या ध्यानात ठेवण्यामुळंच झालं.

तिथली रीत अशी होती. ढीग खुडून झाला, पोती शिवून गेली, की जमिनीवर मोडक्या मिरच्या, बी आणि धूळ उरायची. त्याला बाजारात सगळे 'खालचं' म्हणायचे. ते देठ खुडणाऱ्या बायकांचं. त्याच झाडायच्या, चाळायच्या, सारखे वाटे करायच्या. म्हातारे शेठ स्वतः हाक द्यायचे, "बायांनो, खालचं उचला, उद्या माल यायचाय." कागद कुठलाच नव्हता. पण त्या सगळ्या गल्लीत शेठचं कुठलं आणि बायकांचं कुठलं, यात कुणाची चूक होत नव्हती. आई ते बी आणि तुकडे दळून आणायची आणि वस्तीत तिखट म्हणून विकायची. माझ्या वह्या त्यातून आल्या. मजुरीतून आम्ही फक्त जगलो.

मी शिकले. महापालिकेची शाळा, मग डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारी मी पहिली. हे मी फुशारकीनं सांगते आणि सांगत राहणार. कॉलेजात माझ्या शेजारी बसलं की मुलींना शिंका यायच्या. ओढणीत मिरची होती माझ्या. एक मुलगी फार सभ्यपणे म्हणाली, "तू राग मानू नकोस हं, पण पुढच्या बाकावर बसशील का? खिडकी आहे तिथं." पुण्यात अपमान असाच करतात. जागा करून देतात. जातही कुणी विचारत नाही. 'मूळ गाव कुठलं' असं विचारतात, मग आडनाव पुन्हा एकदा विचारतात, आणि मग विषय बदलतात.

मी पुढच्या बाकावर बसले. तिथून फळा चांगला दिसायचा. शेवटच्या वर्षी खडकवासल्याच्या पाण्याचे नमुने तपासून प्रकल्प केला, पहिली आले. पाणी शुद्ध करण्याच्या कामातच नोकरी लागली. काही वर्षांनी त्याच कामावर कॅनडाला गेले. एका मध्यम शहरात, महापालिकेच्या पाणी केंद्रात. तिथं कायम राहायचा परवाना मिळाला. आता नागरिकत्वाला दोन वर्षं उरली होती.

तेव्हा मी महिनाभराच्या सुट्टीवर पुण्याला आले.

आई पासष्टीला टेकली होती आणि अजून गाळ्यावर जात होती. छाती वाजायची. मी फोनवर शंभरदा सांगितलं होतं, सोड ते. ती म्हणायची, "घरी बसून पत्रे मोजू का?" त्या दिवशी संध्याकाळी मी तिला आणायला गेले. म्हातारे शेठ वारले होते. गादीवर त्यांचा मुलगा होता, त्याला सगळे धाकटे शेठ म्हणायचे. दुकानात कॅमेरे आले होते. दिवाणजी निवृत्त होऊन कोथरूडला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले होते. आणि मिरचीच्या बियांना आता गिऱ्हाईक मिळायला लागलं होतं. म्हणजे खालच्यालाही भाव आला होता. धाकट्या शेठनं मनात खालचं बंद केलं होतं. बायकांना मात्र सांगितलं नव्हतं.

आईच्या वाट्याचं अर्धं पोतं दाराशी होतं. तिचे गुडघे दुखत होते. मी ते खांद्यावर घेतलं आणि चालू लागले.

"थांबा," धाकटे शेठ म्हणाले. "आपण कोण?"

"मी यांची मुलगी."

"अच्छा. कॅनडावाल्या. मग हे काय, तिकडं एक्सपोर्टला?"

हमाल हसले.

"माल कुठून उचलला?"

"तुमच्या गाळ्यातून."

"कुणाला विचारून?"

"विचारायचं काय त्यात? खालचं आहे. तीस वर्षं नेतोय आम्ही."

"ऐकलं ना सगळ्यांनी?" ते हमालांकडं वळून म्हणाले. "तीस वर्षं."

मी ते वाक्य ताठ मानेनं म्हटलं होतं. मला वाटलं, मी हक्क सांगतेय. त्यांनी कबुली ऐकली.

मी पोतं खाली ठेवून भांडायच्या तयारीत होते. मागं वळून पाहिलं तर आई पदर झटकत होती. तिला कुणीही सांगितलं नव्हतं. शेठचा आवाज चढला आणि तिचे हात आपोआप पदराकडं गेले. पदर झटकून झाला आणि ती ओचा सोडायला लागली. मी तिचा हात धरला.

"आई, नको."

"बघू दे की त्यांला. काय न्हाई आपल्याकडं."

धाकटे शेठ फोन लावत म्हणाले, "तुमच्या लोकांना कितीही शिकवा." वाक्य पुरं केलं नाही. गरज नव्हती.

चौकीत हवालदारानं माझा जबाब लिहून घेतला. शिक्षण विचारलं. मी सांगितलं, बी.ई. त्यानं पेन थांबवून माझ्याकडं पाहिलं आणि परत लिहायला लागला. माल कुठून घेतला, दुकानातून. परवानगी घेतली का, नाही. याआधी नेला का, हो, अनेक वर्षं. मी जबाब पूर्ण वाचला. शिकलेली होते म्हणून वाचला. प्रत्येक शब्द खरा होता. सही केली. खालचं म्हणजे काय, हे मात्र त्यात एका ओळीतही नव्हतं. मला ते लिहून घ्यायला सांगायचं सुचलं नाही. जगात कुणाला खालचं माहीत नसेल, असं वाटलंच नाही. आईनं माझ्या सहीकडं पाहिलं आणि खाली अंगठा दिला.

"किरकोळ आहे मॅडम," चौकीतले साहेब म्हणाले. "मिटेल. तुम्ही जा बिनघोर."

चार दिवसांनी मी विमानात बसले. बिनघोर.

दोन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला. शेजारी केतकी बसली होती. केतकी मूळची कोथरूडची, माझी कॅनडातली मैत्रीण, तिचं नागरिकत्व होऊन गेलं होतं. अर्जात एक प्रश्न होता. जगातल्या कुठल्याही देशात तुमच्यावर सध्या गुन्ह्याचा आरोप आहे का?

मी थांबले. तिला चौकीचं सांगितलं.

"अगं, ते कधीच बंद झालं असेल," ती म्हणाली. "कोर्टाच्या साइटवर नाव टाकून बघ, नसेलच."

मी नाव टाकलं. होतं. सरकार विरुद्ध माझी आई आणि आणखी एक. ती आणखी एक मी. चोरीचं कलम. आरोपपत्र दाखल. खाली तारखांची यादी होती, आणि प्रत्येक तारखेपुढं लिहिलं होतं, आरोपी क्रमांक एक हजर.

मी फोन लावला.

"आई, तू कोर्टात जातेस?"

"जाते की."

"दोन वर्षं? मला का नाही सांगितलंस?"

"तू कामात असती. मी जाते, बाकड्यावर बसते, नाव पुकारलं की हात वर करते. तुझं नाव पुकारलं की सांगते, पोरगी परदेशात हाय, साहेब, येईल, वारंट नका काढू. एकदा एका साहेबाच्या पाया पडले. मग पुढची तारीख दिली त्यांनी."

ही दोन वर्षं तारखेच्या दिवशी फोनवर ती मला म्हणायची, आज बाजारला गेले होते.

केतकी म्हणाली, "तू 'नाही'वर टिक कर. खरंच सांगते. अर्ध्या पोत्याची केस आहे. कोण बघतंय इथं?"

"बघत नसतील तर हो लिहिलं तरी चालेल."

"वेडी आहेस. आयुष्याचा प्रश्न आहे तुझ्या."

मी हो लिहिलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. चौकीत मी एकदा विचारल्यावर हो म्हटलं होतं, आता तेच विचारल्यावर नाही म्हणायला जीभ उचलेना. महिन्याभरात पत्र आलं. खटल्याचा शेवटचा निकाल येईपर्यंत अर्जावर निर्णय होणार नाही. मुदत दिली होती. माझा भारताचा पासपोर्टही संपत आला होता, आणि चालू खटल्यात तो नवा करायला कोर्टाची परवानगी लागणार होती. म्हणजे ना इथली, ना तिथली.

मी पुण्याला आले. शिवाजीनगरच्या कोर्टात वकील गाठले. वयस्कर, हुशार, कामाचे पक्के. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, रीतीभाती गॅझेटात छापून येत नाहीत. खटला लढवला तर तीन-चार वर्षं. आपल्याला एवढा वेळ आहे का?"

"नाही."

"मग मी फिर्यादीशी बोलतो."

बोलले. धाकट्या शेठच्या दुकानात आम्ही तिघं बसलो होतो, मी, वकील आणि ते. आई बाहेर पायरीवर. तिला आत या म्हटलं तरी आली नाही. शेठ म्हणाले, "माझं यांच्याशी वैर नाही. पण उद्या सगळ्या बायका पोती उचलतील. दोघींपैकी एकीनं कबूल करायचं की चोरी केली. मग दुसरीबद्दल माझी तक्रार नाही, तसं कोर्टात सांगतो." मग माझ्याकडं पाहून, "आपल्याला तिकडचे नागरिक व्हायचंय ना? मग इथं कुणीतरी चोर व्हायला पाहिजे."

बाहेर आल्यावर वकिलांनी हिशेब समजावला. मी कबूल केलं तर सगळं संपलं, कॅनडा संपलं. आईनं कबूल केलं तर वयाकडं बघून किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसायची शिक्षा. "नुसतं बसायचं," ते म्हणाले. "त्यांना बसायची सवय आहेच."

आई लगेच म्हणाली, "मग मी म्हणते. मीच नेलं, पोरीला काय ठावं नव्हतं. माझं काय जातंय?"

इथं मी खरं लिहिणार आहे, कारण अपमान दुसऱ्यांनीच केला असं दाखवलं तर ते खोटं होईल. मी म्हटलं, "चालेल."

मीच म्हटलं ते. बी.ई. पहिली आलेली. आईला चोर करायला मी तयार झाले, आणि तयार होताना मनात म्हणाले, नुसतं बसायचंच तर आहे.

तारखेला आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात बाकड्यावर बसलो. आईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. सकाळचे अकरा. माणसं येत-जात होती, पुकारा चालू होता. आई जमिनीकडं बघत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. मी वाकून ऐकलं.

"कबूल. कबूल हाय. मी चोरी केली." थांबली. परत. "कबूल हाय, साहेब. मी चोरी केली." मला विचारलं, "साहेब आधी म्हणायचं का मागून?"

लहानपणी परीक्षेच्या आधी मी असंच पाढे म्हणायची आणि ती शेजारी बसून ऐकायची, काही कळत नसताना.

"आई," मी म्हटलं. "नाही म्हणायचं."

"म्हंजी?"

"कबूल म्हणायचं नाही. आपण चोरी केलेली नाही."

"अगं बाय, मग तुझं तिकडचं?"

"राहू दे तिकडचं."

आई म्हणाली, "तुला समजंना झालंय. माझी पत ती काय? मी आयुष्यभर पदर झटकत आले. आणखी एकदा झटकते, तू जा."

"तू झटकलास तेव्हा पदरातून काही पडलं होतं का कधी?"

"न्हाई."

"एकदा तरी?"

"एकदाबी न्हाई." तिचा आवाज वेगळा झाला. "तीस वरसांत एक दाणा न्हाई."

"मग ते सांग."

पुकारा झाला. आम्ही दोघी आत जाऊन उभ्या राहिलो. न्यायाधीश बाई होत्या, तरुण. आरोप वाचून दाखवला आणि आईला विचारलं, "आजी, आरोप समजला का? गुन्हा कबूल आहे का?"

आमचे वकील निवांत उभे होते. धाकटे शेठ मागच्या बाकावर फोन बघत होते.

आई म्हणाली, "नेलं, साहेब. पण ते आमचंच व्हतं."

न्यायाधीशांनी मान वर केली. "म्हणजे कबूल आहे की नाही?"

"नेलं ते कबूल. चोरी कबूल न्हाई."

वकिलांनी डोळे मिटले. शेठनं फोन खिशात घातला. न्यायाधीशांनी लिहून घेतलं, गुन्हा नाकबूल. मग मला विचारलं. मीही तेच म्हटलं. बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "अभिनंदन. आता तीन-चार वर्षं." पण वकीलपत्र सोडलं नाही त्यांनी. हे त्यांचं मी मान्य करते.

त्यानंतर जे झालं ते सगळं वाट बघणं. नोकरी तिकडंच होती; कॅनडाकडं मुदतवाढ मागत राहिले, मोठ्या तारखांना पुण्याला येत राहिले. कोर्टाच्या परवानगीनं पासपोर्ट एकेक वर्षाचा मिळत राहिला. पाणी केंद्रात माझ्या वरची जागा निघाली, नागरिक नाही म्हणून गेली. केतकीनं विषय काढणं बंद केलं.

दिवाणजींकडं गेले होते मी, कोथरूडला. सोसायटीच्या रजिस्टरमध्ये नाव, कुणाकडं, कशासाठी, सगळं लिहून वर गेले. ते थकले होते, मला ओळखलं. "होतं हो तसं," म्हणाले. "खालचं बायकांचंच. मीच तर वाटे करून घ्यायचो."

"मग कोर्टात एवढंच सांगा."

"कोर्टात कशाला?" ते म्हणाले. "आता मी त्यातून बाहेर आहे. चहा घेणार का आपण?"

मला आयुष्यात पहिल्यांदा ते 'आपण' म्हणाले, आणि साक्षीला आले नाहीत.

आली ती हौसामावशी. आईच्या शेजारी बसून पंचवीस वर्षं देठ खुडलेली. साक्षीला उभी राहिली तर काम जाईल हे तिला ठाऊक होतं. गेलंच. समोरच्या वकिलानं विचारलं, "खालचा माल तुमचा, असं तुम्हाला कुणी लेखी दिलं होतं का?"

"लेखी?" मावशी म्हणाली. "मला वाचता येत न्हाई, मला लेखी देऊन काय उपेग?"

"प्रश्नाचं उत्तर द्या. लेखी होतं की नाही?"

"न्हवतं. कामावर घेतलं तवाबी लेखी न्हवतं. म्हंजी मी पंचवीस वरसं काम केलं न्हाई का?"

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशही किंचित हसल्या आणि म्हणाल्या, "हे लिहून घ्या." आईनं त्या दिवशी घरी येताना रस्ताभर ते वाक्य स्वतःशी म्हटलं. तिला इतकं खुश मी माझ्या पदवीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

निकालाच्या पाच महिने आधी आई गेली. छातीत मिरची बसली होती, डॉक्टरांनी त्याला वेगळं नाव दिलं. मी कॅनडात होते. परवानगी, तिकीट, विमान, सगळं होईपर्यंत हौसामावशीनं आणि वस्तीनं तिला पोचवलं होतं. पुढच्या तारखेला मी तिचा मृत्यूचा दाखला कोर्टात दिला. शिपायानं तो फाइलला लावला. पुकारा करणाऱ्यानं सवयीनं तिचं नाव पुकारलं, मग थांबला, आणि माझं पुकारलं.

पहिल्यांदा त्या बाकड्यावर मी एकटी होते.

निकाल लागला. मला निर्दोष सोडलं. न्यायाधीशांनी लिहिलं की ढीग उचलल्यावर खाली उरलेला माल बायकांनी नेण्याची रीत त्या बाजारात होती हे पुराव्यानं दिसतं, ती बंद केल्याचं कुणालाही कळवलेलं नव्हतं, आणि म्हणून माल नेण्यात लबाडीचा हेतू नव्हता. मी ते पान उभ्याउभ्या तीनदा वाचलं. वकील म्हणाले, "आता बसा." मी बसले नाही.

त्याच निकालात वर एक ओळ आहे. आरोपी क्रमांक एक खटला चालू असताना मयत, सबब तिच्याविरुद्धचा खटला संपुष्टात. बस. ती दोषी होती असंही नाही, निर्दोष होती असंही नाही. तीन वर्षं नाकबूल म्हणत उभी राहिलेल्या बाईला कोर्टानं निम्म्यावर सोडून दिलं. मेल्यावर माणूस आरोपीच राहतो, हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं.

मी वकिलांना म्हटलं, या ओळीत तिचं नाव निर्दोष म्हणून घालून घ्या.

"कायद्यात तसं बसत नाही, मॅडम. मयताला शिक्षा नाही तशी सुटकाही नाही."

"अर्ज करता येतो ना?"

"अर्ज कशाचाही करता येतो. नामंजूर होईल."

"मग पुन्हा करू."

"आपलं काम झालंय," ते समजुतीनं म्हणाले. "आपल्याला तिकडं जायचंय. कशासाठी हे?"

ज्याला ते विचारावं लागतं त्याला सांगून उपयोग नसतो.

निकालाची प्रत भाषांतर करून मी कॅनडाला पाठवली. चार महिन्यांत बोलावणं आलं. मी उजवा हात वर करून शपथ घेतली आणि प्रमाणपत्र घेतलं. केतकी रडली, मी नाही. त्या सभागृहातून बाहेर आल्यावर मी पहिला फोन पुण्याला केला, वकिलांना. वरच्या कोर्टात अर्ज दाखल झाला का, ते विचारायला. झाला होता.

पहिला अर्ज नामंजूर झाला. दुसरा दाखल आहे. मी कॅनडाची नागरिक झाले आहे. माझ्यावर कुठल्याही देशात कुठलाही आरोप नाही. माझ्या आईवरचा आरोप खोटा होता, हे अजून कुठल्याही कोर्टानं तिचं नाव घेऊन लिहिलेलं नाही. ते लिहून मिळेपर्यंत मी अर्ज करत राहणार आहे.